चार खोल्यांची एकच खिडकी

माझ्या सासूबाईंना फोटो काढायला मी शिकवलं. अगदी पदर खोचून शिकवलं. खोलीत गेल्यावर आधी खिडकी उघडायची. चादर ताणून घालायची, एक सुरकुती दिसता कामा नये. झाडू, पायपुसणं, ओला टॉवेल, औषधाच्या बाटल्या यातलं काही म्हणजे काही फोटोत येऊ द्यायचं नाही. कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, म्हणजे खोली आहे त्याच्यापेक्षा मोठी दिसते. आणि प्रत्येक खोलीला तिचा तिचा रंग ठेवायचा, म्हणजे पाहुण्यांना फोटोतली खोली ओळखता येते: एक नंबर निळी, दोन नंबर पिवळी, तीन हिरवी, चार गुलाबी.

त्या आधी म्हणायच्या, "अगं, लोक राहायला येतात की चादरी बघायला?" मी म्हणायचे, "आई, चादरी बघूनच राहायला येतात." मग मात्र त्यांनी हे असं काही मनावर घेतलं, की आमच्या गल्लीत कुणाला मुलीचा लग्नासाठी फोटो काढायचा असला तरी लोक त्यांना विचारायला येऊ लागले.

आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. पुढच्या चार खोल्या सुट्टीसाठी येणाऱ्यांना देतो. मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून सासूबाईंची खोली. पाहुणे पाठवते एक कंपनी. बुकिंग तीच घेते, पैसे तीच घेते, स्वतःचा वाटा कापून उरलेले आम्हाला देते आणि वर नियमही तीच करते. माझा नवरा जहाजावर नोकरीला. तो घरी असतो तेव्हा तोही पाहुण्यासारखाच असतो. तेव्हा कारभार आम्हा दोघींचा. पाहुण्यांशी गोड बोलायचं काम सासूबाईंचं, कंपनीशी कडू बोलायचं माझं. दोघींना आपापलं काम छान जमतं.

घर कागदोपत्री थोरल्या दिरांच्या नावावर आहे. सासऱ्यांनीच तसं केलं होतं, आणि त्यात कुणाचं काही म्हणणंही नाही, कारण थोरले दीर म्हणजे सज्जन माणूस. इतका सज्जन की कधीकधी राग येतो. सासरे गेल्यावर त्यांनी सासूबाईंना शहरात आपल्या फ्लॅटवर नेलं होतं. कायमचं म्हणून नेलं, आणि महिन्याभरात त्या पिशवी घेऊन परत दारात. मला वाटलं, जाऊबाईंशी काही वाजलं की काय. तर तसंही नाही. "फार करतात गं माझं," त्या म्हणाल्या. "पण कप उचलून ठेवायला गेले तरी दोघं धावत येतात. तुम्ही बसा, तुम्ही बसा. बसून बसून माझे पाय सुजले."

त्यानंतर आम्ही खोल्या द्यायला सुरुवात केली, आणि त्या पुन्हा हिंडत्याफिरत्या झाल्या. थोरल्या दिरांनी मात्र आपलं म्हणणं सोडलं नव्हतं. दर फोनला तेच, "आई, हे वय आहे का लोकांच्या चादरी धुवायचं? एकदा काही झालं ना, की मी तुझं काही ऐकणार नाही. सरळ गाडीत घालून आणीन."

वादळ आलं तेव्हा मी नेमकी घरी नव्हते. धाकट्या बहिणीचं बाळंतपण होतं, म्हणून तिच्याकडे गेले होते. सीझन सुरू व्हायला थोडा अवकाश होता, तेवढ्यात जाऊन येऊ असा हिशेब. वादळाची बातमी आली तेव्हा बाळ पोटात होतं, आणि वादळ गेलं तेव्हा माझ्या मांडीवर. मधे काय झालं ते मला नीटसं आठवतही नाही. सासूबाईंचा फोन लागत नव्हता एवढंच आठवतं. लागेपर्यंत मी पाण्याचा घोटही घेतला नाही, हे माझी बहीण अजून सगळ्यांना सांगते.

फोन लागला तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा. "काही नाही गं. वारा जरा जास्त होता. मी शिंपीणकाकूंकडे होते." शिंपीणकाकू म्हणजे आमच्या शेजारच्या. त्यांचं कपडे शिवायचं दुकान आहे आणि घर सिमेंटचं आहे.

"आणि घर?"

"घर आहे की. घर कुठे जातंय?"

मला यायचं होतं, पण खाडीवरचा पूल बंद केला होता. कधी उघडेल ते कुणी सांगेना. बाळाची अंघोळ, बहिणीचं जेवणखाण, आणि त्यात पाहुण्यांचे फोन सुरू झाले.

लोकांचं काय चुकतं म्हणा. वर्षभर राबायचं, चार दिवसांची रजा साहेबाच्या हातापाया पडून मिळवायची, आणि ऐन वेळी बातम्यांत बघायचं की आपण जिथे जाणार तिथे होड्या रस्त्यावर आल्यात. बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ दरवर्षी आमच्याकडे तीन नंबरच्या खोलीत उतरतात. त्यांचा पहिला प्रश्न होता, "तुम्ही सगळे बरे आहात ना?" आणि दुसरा, "पैसे परत मिळतील ना?" मला त्यांचा क्रम आवडला. एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं. त्यातली नवरी फोनवर रडलीच. एका डॉक्टरीणबाईंनी आपल्या म्हाताऱ्या आईसाठी दोन नंबरची खोली घेतली होती. आईला काठीशिवाय चालता येत नव्हतं, पण मरायच्या आत एकदा समुद्राजवळ झोपायचं होतं म्हणे. आणि एक महाभाग असे निघाले, की आता समुद्रावर गर्दी नसेल, तर भाडं कमी कराल का, म्हणून विचारलं. त्यांच्याशी मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

कंपनीचा नियम असा होता: वादळानं घराचं नुकसान झालं असेल तर खोल्यांचे फोटो पाठवा. कंपनीला पटलं, की बुकिंग रद्द होणार, पाहुण्यांना सगळे पैसे परत मिळणार आणि आमच्या नावाला बट्टा लागणार नाही. पण पुराव्याशिवाय आम्ही आपण होऊन पाहुण्यांना नाही म्हटलं, तर घर कंपनीच्या यादीतून कायमचं बाहेर. आणि यादीतून बाहेर म्हणजे संपलंच. आमच्या बोळाच्या टोकाला चार खोल्या आहेत हे मग कुणाला स्वप्नात दिसणार आहे का?

मी सासूबाईंना फोन केला. "आई, सगळ्या खोल्यांचे फोटो काढून पाठवा. आजच्या आज."

"आजच्या आज कसं होईल? आवरायला नको?"

मला वाटलं, त्या गंमत करताहेत. "बरं, उद्या पाठवा," म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी फोटो आले. मी एका खांद्यावर बाळ घेतलं होतं, दुसरा खांदा आणि कान यांच्यामधे बँकेवाल्यांचा फोन अडकवला होता आणि बहीण आतून गरम पाणी मागत होती. मोजले तर चार फोटो. उघडून बघायला हात रिकामा नव्हता. अंगठ्यानंच ते कंपनीच्या अर्जाला जोडले आणि पाठवून दिले. म्हटलं, चला, एक काम झालं.

कंपनीचं उत्तर आलं ते असं: "आपले घर सुस्थितीत असल्याचे पाहून आम्हाला अत्यंत आनंद झाला आहे. आपली सर्व बुकिंग कायम ठेवण्यात येत आहेत."

मी ते दोनदा वाचलं. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा फोन. "किती छान बातमी! नवे फोटो पाहिले आम्ही. आईनं तर बॅग भरायला घेतली!" कंपनीनं ते फोटो आमच्या पानावरही टाकले होते, वर हिरवी बरोबरची खूण करून.

मग मी फोटो उघडले. काय सांगू! खोल्या नुसत्या चमकत होत्या. निळी चादर, पिवळी चादर, हिरवी, गुलाबी, सगळ्या इस्त्री केलेल्या. उशा फुगलेल्या. कुठे झाडू नाही, पायपुसणं नाही. खिडकीतून ऊन आत आलेलं. मी क्षणभर खूशच झाले. म्हटलं, देवाची कृपा, खरंच काही झालेलं नाही.

आणि मग निळ्या चादरीच्या वरच्या खिडकीतून बाहेर विजेचा एक खांब दिसला, वादळानं वाकलेला. पिवळ्या चादरीच्या खिडकीतूनही खांब. तसाच वाकलेला, तेवढाच. हिरव्या चादरीच्याही. आमच्या एक, दोन, तीन या खोल्यांच्या खिडकीतून समुद्र दिसतो. खांब फक्त चार नंबरच्या खिडकीतून दिसतो. चार नंबर ही मागाहून बांधलेली खोली. तिलाच तेवढा स्लॅब आहे, बाकी सगळं घर कौलारू.

खोली एक, चादरी चार. कंपनीतल्या कुणाला ते दिसलं नाही, मलाही नाही. फोटोच तसे काढले होते.

मी फोन लावला. माझा स्वभाव काही शांत नाही, हे मी आधीच कबूल करते. "आई! हे काय केलंत तुम्ही?"

"का? नीट नाही आले? गुलाबीवर जरा सावली पडलीय, मला माहितीये."

"अहो, मोडलेल्या घराचे फोटो पाठवायचे होते! मोडलेल्या!"

"मग तसं सांगायचंस ना. तू म्हणालीस, खोल्यांचे फोटो काढा. खोल्यांचे फोटो कसे काढायचे हे तूच शिकवलंस मला."

मी कपाळावर हात मारून घेतला. खांद्यावरचं बाळ दचकलं आणि रडायला लागलं. ते रडणं ऐकून सासूबाई म्हणाल्या, "आधी त्याला घे. माझं काय, मी कुठे पळून जात नाहीये." बाळ शांत होईपर्यंत त्या पलीकडे गप्प थांबल्या. त्या वेळात माझाही राग जरा खाली आला.

"बाकीच्या तीन खोल्या कशा आहेत?" मी विचारलं.

"आहेत."

"आई."

"वरचं काही नाही राहिलं," त्या म्हणाल्या. मग सावकाश एकेक बाहेर आलं. चादरी चिखलातून ओढून काढल्या होत्या. शिंपीणकाकूंच्या दुकानात धुतल्या, जनरेटर लावून त्यावर इस्त्री केली. दोघी म्हाताऱ्यांनी मिळून चार नंबरमधला पलंग ढकलत खिडकीखाली आणला. एक चादर घालायची, फोटो काढायचा, दुसरी घालायची. शिंपीणकाकूंनी उशा फुगवून धरल्या होत्या. दिवस गेला त्यात.

"पण का, आई? मला तरी खरं सांगायचं!"

मग त्या हळू म्हणाल्या, "तुला सांगितलं की तू कंपनीला सांगणार. कंपनीला सांगितलं की थोरल्याला कळणार, खातं त्याच्या नावावर आहे. आणि त्याला कळलं, की तो गाडी घेऊन येईल. मला नाही जायचं गं तिकडे."

त्या वेड्या बाईनं मोडलेलं घर इस्त्री करून लपवलं होतं, आणि ते कंपनीपासून नव्हे, पोटच्या मुलापासून.

कंपनीला फोन लावला. आधी बराच वेळ बासरी ऐकवली, मग एक बाई आल्या. आवाज पार बसलेला. वादळ झाल्यापासून रिफंडच्या विभागात बसून त्या दिवसभर लोकांची रडगाणी ऐकत असणार. मी मनातल्या मनात त्यांना रिफंडवाली म्हणायला लागले. भांडायच्या तयारीनंच मी बोलायला सुरुवात केली, पण त्या बाईनं सगळं ऐकून घेतलं. एक खोली आणि चार चादरी हे ऐकून तिला हसू आलं, आणि हसता हसता खोकला आला.

"माफ करा हं," ती म्हणाली. "हसण्यासारखं नाहीये. एक करता येईल. व्हिडिओवर घर दाखवा, मी इथून बघून निर्णय देते. पण ज्यांच्या नावावर खातं आहे, ते फोनवर हजर पाहिजेत."

"त्यांच्याशिवाय नाही का चालणार?"

"नियम मी केला असता तर चाललं असतं."

सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग राहू दे. येऊ देत पाहुणे. बघते मी काहीतरी."

"काय बघता? झोपवणार कुठे त्यांना?"

"चार नंबरमधे."

"चारही कुटुंबं? एकमेकांच्या अंगावर?" मी पुन्हा तापले होते. "आणि त्या डॉक्टरीणबाईंची आई? काठी टेकत येणार आहे ती. अर्धवट लोंबतंय एखादं कौल तिच्या डोक्यात पडलं तर?"

हे मात्र लागलं. पाहुण्याला काही होणं हे सासूबाईंना स्वतःला काही होण्यापेक्षा वाईट. "बोलाव मग त्याला," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी पडद्यावर आम्ही चौघं चार चौकटींत आलो. रिफंडवाली कानाला यंत्र लावून, मागे ओळीनं मान खाली घालून बसलेली माणसं. थोरले दीर ऑफिसच्याच कपड्यांत, त्यांच्या खांद्यामागे जाऊबाई. मी बहिणीच्या स्वयंपाकघरात. आणि सासूबाई. त्यांनी केस नीट विंचरले होते, धुतलेले कपडे घातले होते, आणि त्या चार नंबरच्या खोलीत उभ्या होत्या.

"ही आमची चार नंबरची खोली," त्या रिफंडवालीला म्हणाल्या. पाहुण्यांना दाखवतात त्याच सुरात. "इथे सकाळचं ऊन येतं."

"छान आहे," रिफंडवाली म्हणाली. "आता दुसरी दाखवा."

सासूबाई व्हरांड्यात आल्या. तीन नंबरच्या बंद दारासमोर येऊन थांबल्या. त्यांचा हात कडीवर दिसत होता, पण कडी काही निघेना.

"आई, काय झालं? अडकलंय का दार?" थोरल्या दिरांनी विचारलं.

"अडकलं नाहीये," त्या म्हणाल्या. "आत आवरलेलं नाही."

आम्ही कुणी हसलो नाही. मला ओरडावंसं वाटत होतं आणि रडावंसंही. पहाटे उठून, पाहुणे जागे व्हायच्या आत व्हरांडा पुसून काढणारी ही बाई. कुणाला साधं विसळायचं भांडं दिसू दिलं नाही तिनं कधी. आणि आम्ही तिला म्हणत होतो, लाज वाटेल ते सगळं उघडून दाखव, परक्या बाईला आणि मुलाला.

तेव्हा रिफंडवालीनं कानाचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि फोन तोंडाजवळ घेतला. "आजी," ती म्हणाली, "वादळ झाल्यापासून मी नुसती मोडलेली घरंच बघतेय. लोकांच्या न्हाणीघरात मासे बघितले. एका शाळामास्तरांचं कपाट झाडावर बघितलं. तुमचं घर बघून मला काहीसुद्धा वाटणार नाही. आणि आवरायला मी मुळीच सांगणार नाही."

सासूबाईंनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग कडी काढली.

आत आभाळ होतं. खोली नव्हतीच, चार भिंती आणि वर संध्याकाळचं आभाळ. जमिनीवर वाळू, कौलांचा चुरा, मोडलेली खुर्ची. खिडकीची चौकट बाहेर लोंबत होती. "ही तीन नंबर," सासूबाई म्हणाल्या. "हिची खिडकी समुद्राकडे होती." जराशा थांबल्या. "आता सगळीकडूनच दिसतो म्हणा." हे त्या हसून म्हणाल्या, आणि तेच मला ऐकवेना.

दोन नंबर तशीच. एक नंबर त्याहून वाईट, तिची भिंतही अर्धी गेलेली. प्रत्येक दाराशी त्या थांबायच्या, नंबर सांगायच्या, काय गेलं ते सांगायच्या. आता काही लपवत नव्हत्या. रिफंडवाली फक्त "हं" म्हणत होती आणि लिहीत होती.

"बास, एवढं पुरे," ती म्हणाली.

"आई," थोरले दीर म्हणाले, "तुझी खोली दाखव."

"ती कंपनीची नाही. ती कशाला?"

"मला बघायचीय."

मागची खोली स्वयंपाकघराच्या भिंतीसकट आडवी झाली होती. लोखंडी कपाट पलंगावर पडलं होतं. पलंगाची पाटी मधोमध मोडलेली. वादळाच्या रात्री त्या शिंपीणकाकूंकडे गेल्या नसत्या तर, हा विचार आम्हा तिघांच्याही तोंडावर एकाच वेळी आला असणार. कारण जाऊबाईंनी तोंडावर हात दाबला आणि मी उगाचच ओट्यावरची पातेली सरकवली.

"तू कुठे झोपतेस?" दिरांचा आवाज बदलला होता.

"झोपते शिंपिणीकडे. शिलाईमशीनच्या खाली जागा आहे. चार नंबर पाहुण्यांची."

रिफंडवालीनं घसा साफ केला. "सगळी बुकिंग मी आत्ता रद्द करतेय. पाहुण्यांना त्यांचे सगळे पैसे परत जातील, तुमच्यावर काही येणार नाही. फक्त शेवटचं एक विचारायचं राहिलं, आणि ते मालकांना विचारायला लागतं." ती दिरांना उद्देशून म्हणाली, "घर दुरुस्तीसाठी थांबवलंय असं लिहू, की बंद झालं असं लिहू? बंद लिहिलं की आमच्या यादीतून निघतं."

"बंद लिहा," थोरले दीर म्हणाले. एक क्षणही लावला नाही त्यांनी. "आई, मी उद्याच निघतो. पूल उघडला की तिथे पोचतो. तू सामान बांधून ठेव. नाहीतर नको, बांधू नकोस, मी बांधीन."

मी तोंड उघडलं. पण काय बोलणार होते? त्यांचं चुकत होतं का? कपाट पलंगावर पडलेलं मीही बघितलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. राग धरावा असं काही त्या माणसात नव्हतंच, आणि नेमकं तेच अवघड होतं.

"लिहू का मग?" रिफंडवालीनं विचारलं. मलाच वाटलं की तिचा हात जरा अडलाय, कोण जाणे. "आजी, तुमचं काही म्हणणं आहे?"

सासूबाई त्या मोडक्या पलंगाच्या कडेला बसल्या. फोन त्यांनी इतका जवळ धरला होता, की आम्हाला त्यांचं कपाळ आणि डोळेच दिसत होते.

"मला भीती वाटते," त्या म्हणाल्या. "हे खरंय. वारा जरा वाढला की मी उठून बसते. शिंपीण माझा हात धरून बसते, हेही खरंय. मी तुला खोटं सांगितलं, ते चुकलं माझं." मग त्यांनी फोन जरा लांब धरला. "पण अरे, इतकी वर्षं मी पाहुण्यांचंच करतेय. आला की आपल्याला आनंद होतो. चार दिवस आपण त्याच्या मागे मागे करतो. आणि पाचव्या दिवशी, माणूस कितीही चांगला असो, आपण मनातल्या मनात चादरी बदलायला लागतो. मी बदलल्यात ना. मला माहितीये. तुझ्याकडे मी पाहुणी होते रे. तुमचं काही चुकलं नाही, तुम्ही फारच चांगलं केलंत. पण पाहुणी. मला तुझ्या घरात पाहुणी म्हणून मरायचं नाही."

जाऊबाई हलकेच चौकटीतून बाजूला झाल्या. त्यांना लागलं असणार. पण नंतर त्यांनीच मला सांगितलं, की त्या बाहेर गेल्या त्या रागानं नाही. आपण खरंच मनातल्या मनात चादरी बदलल्या होत्या हे त्यांना आठवलं होतं.

थोरले दीर खाली मान घालून बसले होते. त्यांच्या डोक्यावरचं टक्कल तेवढं दिसत होतं. रिफंडवालीच्या मागे कुणाचा तरी फोन वाजत होता आणि ती उचलायला हलली नाही. मला वाटलं, आता ते चिडतील. नाहीतर समजूत घालतील, ती तर त्याहून वाईट.

त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला.

"थांबवलंय असं लिहा," ते रिफंडवालीला म्हणाले. "दुरुस्तीसाठी." मग आईकडे बघून, जरा रागावल्यासारखा आवाज काढून, "तिकडे आता कौलं मिळायची नाहीत. सगळ्यांचीच गेली असणार. मी इथून ट्रक भरून आणतो. किती लागतील?"

सासूबाईंनी वर पाहिलं. एक नंबरकडे, दोनकडे, मग आपल्या स्वतःच्या खोलीवरच्या आभाळाकडे.

"सगळी," त्या म्हणाल्या, आणि आम्हा सगळ्यांसमोर मोठ्यानं रडायला लागल्या.